१८१८ : एका वर्षाचा मुरुडपर्यंतचा प्रवास

१ जानेवारी १८१८, गुरुवार. या एकाच दिवशी तीन गोष्टी घडल्या. भीमेकाठच्या कोरेगावात पेशव्यांची फौज आणि कंपनी सरकारची एक छोटी तुकडी दिवसभर झुंजली. लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय बाजारात आली. ती लिहिणारी मेरी शेली तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. आणि विल्यम लॅम्बटन दक्षिण हिंदुस्थानात जमिनीच्या मोजणीचं जे अचाट काम करत होता, ते त्या दिवसापासून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेलं आणि त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळालं. तीन ठिकाणच्या या माणसांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

वर्षाची ओळख करून देताना आपण अशा घटना एकाखाली एक लिहून काढतो. अमुक लढाई, तमुक जन्म, तमुक शोध. सनावळी तयार होते, पाठही होते. पण त्या घटनांचा आपल्याशी आणि एकमेकींशी काय संबंध, हे त्यातून कळत नाही. म्हणून या प्रकरणात आपण जागा बदलू. लंडन, कलकत्ता, पुणे यांपैकी कुठेही न जाता मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहू आणि १८१८ मधल्या घटना इथवर केव्हा, कोणत्या वाटेने आणि कुणाच्या हातून पोहोचल्या ते बघू.

तेव्हाच्या मुरुडकरांच्या लेखी ते वर्ष ‘१८१८’ नव्हतंच. गावच्या जोशांच्या पंचांगात शके १७३९ संपून चैत्रात शके १७४०, बहुधान्य नाम संवत्सर लागत होतं. समोरच्या समुद्रातल्या जंजिरा किल्ल्याच्या दरबारात हिजरी १२३३ चालू होतं. किल्ल्याच्या गादीवर नवाब सिद्दी इब्राहिमखान दुसरे होते. मुरुड, राजपुरी, श्रीवर्धन हा सगळा मुलूख त्यांचा; लोक त्याला हबसाण म्हणत. उत्तरेला अलिबागेत आंग्रे, पूर्वेला डोंगरांपलीकडे पेशव्यांचा अंमल आणि समुद्रातून एका दिवसाच्या वाटेवर इंग्रजांची मुंबई.

काही दिवसांत : रायगड

सगळ्यांत आधी पोहोचली ती जवळची बातमी. मुरुडपासून रायगड सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर. एप्रिल १८१८ च्या अखेरीस कर्नल प्रॉथरच्या फौजेने त्याला वेढा घातला. त्याआधी लोहगड, विसापूर पडले होते, आणि मुरुडच्या शेजारचे तळा आणि घोसाळा हे किल्लेही याच वर्षी इंग्रजांच्या हाती गेले. रायगडावर तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. कडे चढून हा गड घेणं अशक्य, हे प्रॉथरला ठाऊक होतं. त्याने उखळी तोफा लावल्या. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गोळे थेट बालेकिल्ल्यात पडू लागले. त्यांतल्या एका गोळ्याने वाड्यांना आग लागली. लाकडी तुळया, दरवाजे, छपरं, कागदपत्रं सगळं जळालं. १० मे १८१८ ला गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. ६ जून १६७४ ला जिथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तिथे १४४ वर्षांनी उघडे चौथरे उरले. आज रायगडावर आपण जे भग्नावशेष बघतो, त्यांतला मोठा भाग या आगीचा आहे.

मुरुडच्या लोकांना रायगड परका नव्हता. १६८९ मध्ये मोगलांनी तो जिंकला, पुढे सिद्दीच्या हवाली केला आणि १७३३ मध्ये मराठ्यांनी परत मिळवला. मधली कितीतरी वर्षं राजधानीच्या गडावर जंजिऱ्याचं निशाण होतं.

याउलट जंजिरा कुणालाच मिळाला नाही. शिवाजी महाराजांनी त्याच्या तोंडावर पद्मदुर्ग उभा केला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात दगडांचा भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला. पेशव्यांनी १७३३ पासून मोहीम चालवली आणि बराच मुलूख घेतला. १७९१ मध्ये तर गादीचा एक वारस बाळू मियाँ याला सुरतेजवळची सचिनची जहागीर देऊन पेशव्यांनी जंजिऱ्यावरचा हक्कच लिहून घेतला. कागद झाला, किल्ला काही हाती आला नाही. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला, तेव्हा पेशवाई बुडाली होती आणि जंजिरा तसाच उभा होता.

शाळेत आपण शिकतो की १८१८ मध्ये मराठी राज्य संपलं. पुण्याच्या दृष्टीने ते खरं आहे. मुरुडमध्ये त्या वर्षी राजा बदलला नाही, निशाण बदललं नाही, नाणंही बदललं नाही. बदललं ते इतकंच, की पेशव्यांचा जो हक्क जंजिऱ्यावर सांगितला जायचा तो आता इंग्रजांकडे आला. त्यांनी खंडणी मागितली नाही, कारभारात हातही घातला नाही. सोळा वर्षं थांबून १८३४ मध्ये त्यांनी जंजिरा आपल्या सार्वभौमत्वाखाली असल्याचं जाहीर केलं आणि हिणकस नाणी पाडणारी इथली टांकसाळ बंद केली. म्हणजे पुण्याचं १८१८ मुरुडच्या बाजारात पोहोचायला १८३४ उजाडावं लागलं, आणि ते पोहोचलं रुपयाच्या रूपाने.

काही महिन्यांत : महामारी

बातमीसारखाच आजारही माणसांच्या वाटेने चालतो. ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उठली. त्याच सुमाराला कंपनीच्या फौजा पेंढाऱ्यांवर आणि मराठ्यांवर चाल करून निघाल्या होत्या. नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत साथ शिरली आणि माणसं पटापट मेली. मग फौजांच्या, बाजारबुणग्यांच्या आणि बैलांच्या तांड्यांच्या वाटेने ती दख्खनभर पसरली. ऑगस्ट १८१८ मध्ये घाट उतरून पनवेलमार्गे ती मुंबईत दाखल झाली. भर पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढून ठेवलेली असतात. त्यामुळे मुंबईला ही साथ समुद्राने आली नाही, जमिनीवरून आली. पुढे मात्र जहाजांनी तिला सिलोन, मॉरिशस, मस्कत, बसरा आणि चीनपर्यंत नेलं. १८२३ मध्ये ती कास्पियन समुद्राच्या काठी अस्त्राखानला होती. जगाने पाहिलेली पटकीची ही पहिली महासाथ.

एरवी निरनिराळ्या धड्यांत शिकवल्या जाणाऱ्या दोन गोष्टी इथे एकत्र येतात. पेशवाई बुडवणाऱ्या फौजांच्या हालचाली आणि साथीचा फैलाव ही दोन्ही एकाच रस्त्यावरून झाली. कोकणातल्या गावांना या आजारापुढे जरीमरीला साकडं घालण्यावाचून इलाज नव्हता. वैद्यांकडे नव्हता तसा इंग्रज डॉक्टरांकडेही नव्हता. पाण्यातून हा आजार येतो, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आता या वर्षातला एक जन्म बघा. ३ डिसेंबर १८१८ ला बव्हेरियात माक्स फॉन पेटेनकोफर जन्मला. पुढे तो म्युनिकचा नामांकित आरोग्यशास्त्रज्ञ झाला आणि आयुष्यभर पटकीच्या मागे लागला. साथ जमिनीच्या दूषित अवस्थेमुळे पसरते, नुसत्या जंतूने नाही, असं त्याचं ठाम मत. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात येऊन १८८४ मध्ये पटकीच्या जंतूवरचं संशोधन पुरं केलं, तरी पेटेनकोफर मानेना. ऑक्टोबर १८९२ मध्ये चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या म्हाताऱ्याने पटकीचे जंतू असलेलं पाणी सर्वांसमक्ष पिऊन टाकलं. थोडं पोट बिघडलं, जीव वाचला, पण सिद्धांत चुकीचाच होता. गंमत म्हणजे गटारं आणि स्वच्छ पाणीपुरवठा यांसाठी त्याने म्युनिकमध्ये धरलेला आग्रह अगदी बरोबर निघाला आणि त्याने हजारोंचे प्राण वाचवले. मुरुडला हे शहाणपण पोहोचलं ते नवाबी काळात, गारंबीच्या डोंगरात धरण बांधून त्याचं पाणी गावाला दिलं गेलं तेव्हा. पर्यटक गारंबीला हिरवाई बघायला जातात. तिथल्या धरणामागे पटकीच्या शतकाने जगाला शिकवलेला धडा आहे, हेही त्यांनी बघावं.

काही वर्षांत : छापलेली बातमी

याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी देशी भाषेत नियतकालिकं सुरू केली. एप्रिलमध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक निघालं आणि २३ मे १८१८ ला ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक. या छापखान्याचा एक चालक विल्यम कॅरी. त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापला होता, तोही मोडी अक्षरांत.

त्या मे महिन्यात पोंभुर्ल्याच्या जांभेकरांचा बाळ जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. रायगड पडला आणि पुढच्या पंधरवड्यात ‘समाचार दर्पण’ निघालं. एक राज्य जात असताना दुसरीकडे एक नवी शक्ती रांगू लागली होती. ६ जानेवारी १८३२ ला याच मुलाने, बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईत ‘दर्पण’ काढलं आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. बंगालच्या छापखान्यातली ही कल्पना मराठीत यायला चौदा वर्षं लागली. ती आणणारा माणूस कोकणातला होता, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

तोवर बातमी चालायची वाऱ्याच्या आणि पायांच्या वेगाने. विलायतेचं पत्र केपला वळसा घालून मुंबईत यायला चार ते सहा महिने लागत. वाफेची ताकद नुकती समुद्राला भिडत होती. २२ ऑगस्ट १८१८ ला न्यूयॉर्कमध्ये ‘सव्हाना’ हे जहाज पाण्यात उतरलं. पुढच्या वर्षी वाफ आणि शीड या दोन्हींच्या जोरावर त्याने अटलांटिक ओलांडला. त्या वाफेचा हिशेब नेमका मांडणारा माणूसही याच वर्षाचा. २४ डिसेंबर १८१८ ला इंग्लंडमधल्या सॅलफर्डला जेम्स जूल जन्मला. किती कामातून किती उष्णता निर्माण होते, हे त्याने मोजून दाखवलं. ऊर्जेच्या एककाला आज त्याचंच नाव आहे. १८३० मध्ये मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझला गेली आणि १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन भिडली. महिन्यांची बातमी तासांवर आली. मग कोकण किनाऱ्यावर आगबोटी फिरू लागल्या आणि गिरण्यांत राबायला निघालेली कोकणी माणसं त्यांतून मुंबईला उतरली.

एका पिढीनंतर : धुतलेले हात

१८१८ मध्ये जन्मलेल्यांची यादी मोठी आहे. ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या एमिली ब्राँटेपासून रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हपर्यंत खूप नावं घेता येतील. पण एक नाव घराघराशी जोडलेलं आहे आणि तेच सहसा घेतलं जात नाही. १ जुलै १८१८ ला बुडा शहरात इग्नाझ सेमेलवाइस जन्मला.

तो व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात डॉक्टर होता. तिथे दोन कक्ष होते. एकात विद्यार्थी-डॉक्टर बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. सुईणींकडे बायका कमी दगावत आणि डॉक्टरांकडे जास्त. बाळंतरोगाची इतकी दहशत होती की बायका डॉक्टरांच्या कक्षात जायचं टाळण्यासाठी गयावया करत. एवढा फरक का, हे सेमेलवाइसला कळेना. १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून दगावला. त्याच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतरोगाने गेलेल्या बायकांसारख्याच होत्या. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत होते. मरण त्यांच्याच हातांवरून येत होतं. त्याने दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम केला. एप्रिल १८४७ मध्ये त्या कक्षात शंभरातल्या अठरा बायका मरत होत्या. काही महिन्यांत तो आकडा दोन-तीनवर आला.

वरिष्ठांना हे मान्य झालं नाही. आपल्या हातांनी रुग्ण मारले, हे कबूल करायला मोठं मन लागतं. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात वारला. त्याच वर्षी इकडे आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांतच गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. बाळंतिणीच्या खोलीत उकळलेलं पाणी आणि धुतलेले हात ही गोष्ट कोकणातल्या खेड्यापाड्यांत नेली ती पुढच्या काळातल्या परिचारिकांनी आणि प्रशिक्षण घेतलेल्या सुईणींनी. त्यांची नावं कुठल्या सनावळीत नाहीत, पण १८१८ चा एक मोठा जन्म त्यांनीच किनाऱ्यावर पोहोचवला.

एका शतकानंतर : जमीन कसणाऱ्याची

रायगड पडायच्या पाच दिवस आधी, ५ मे १८१८ ला, जर्मनीतल्या ट्रियर गावात कार्ल मार्क्स जन्मला. १८५३ मध्ये लंडनमध्ये बसून त्याने न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात हिंदुस्थानातल्या इंग्रजी अमलावर लेख लिहिले. त्याने हिंदुस्थानच्या इतिहासाची टिपणंही काढली होती. मराठ्यांचा इतिहास त्यांत आहे.

मार्क्सचा विचार कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात येण्याच्या वाटा अनेक. पनवेलला जन्मलेले गंगाधर अधिकारी रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला गेले, तिथे साम्यवादी झाले आणि परतल्यावर १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. पण शेतकऱ्यांनी कुणाच्या पुस्तकाची वाट पाहिली नाही. अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जाचाविरुद्ध संप सुरू झाला. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कणगीत जातो आणि कसणारा उपाशी राहतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांनी जमिनी पडीक टाकल्या, उपासमार सोसली, लाकडं विकून दिवस काढले आणि वर्षानुवर्षं संप टिकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे याच जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्ष रुजला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्याने मार्क्सवाद अधिकृतपणे स्वीकारला. ट्रियरमधला जन्म आणि चरीचं शेत यांची गाठ पडायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

अजून वाटेवर : माणसाची किंमत

शेवटचा जन्म अमेरिकेतला. फेब्रुवारी १८१८ मध्ये मेरीलँडच्या एका मळ्यावर गुलाम आईच्या पोटी फ्रेडरिक डग्लस जन्मला. जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. गुलामांच्या तारखा लिहून ठेवत नसत. लहानपणीच आईपासून तोडलेला हा मुलगा चोरून अक्षरं शिकला, १८३८ मध्ये पळाला, आणि १८४५ मध्ये त्याने लिहिलेल्या आत्मकथेने गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला वाणी दिली.

मुरुडमध्ये उभं राहून हा जन्म आठवला की अंगावर काटा येतो. कारण त्याच वेळी जंजिऱ्याच्या गादीवर आफ्रिकी वंशाचा राजा बसला होता. हबशांना गुलाम म्हणून विकत आणलं जायचं, हे या महासागरातही खरं होतं. पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर असाच विकला गेला होता. पण इथे तलवारीच्या आणि जहाजाच्या चाकरीतून वर चढण्याची वाट होती. गुलाम सरदार झाले, किल्लेदार झाले, आणि त्यांच्या वारसांनी जंजिऱ्यावर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राज्य केलं. अमेरिकेतल्या मळ्यांवर ती वाट जन्मतःच बंद होती. आफ्रिकी माणूस दुबळा म्हणून गुलाम झाला, असं मानणाऱ्याला जंजिऱ्याचा दरवाजा दाखवावा.

अमेरिकेतल्या त्या लढ्याचा मान मराठीत राखला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी तो ग्रंथ अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. दूर देशातल्या मुक्तीचा आपल्या गावच्या शूद्रातिशूद्रांशी काय संबंध, हे त्यांनी अचूक ओळखलं.

वर्ष म्हणजे नुसती तारीख नव्हे, ते माणसांच्या हातून हळूहळू पोहोचतं, हे १८१८ आपल्याला शिकवतं. तोफांची बातमी काही दिवसांत पोहोचली आणि महामारी काही महिन्यांत, कारण त्यांना वाहून न्यायला कुणाच्या इच्छेची गरज नव्हती. वृत्तपत्र, स्वच्छ पाणी, धुतलेले हात, कसणाऱ्याची जमीन आणि माणसाची बरोबरी यांना मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी खांदा द्यावा लागला : बाळशास्त्री, आनंदीबाई, नारायण नागू, जोतीराव आणि त्यांच्यामागचे असंख्य अनाम लोक. म्हणून कुठलंही साल शिकताना किंवा शिकवताना ‘तेव्हा काय घडलं’ याच्या जोडीला ‘ते आपल्या गावात केव्हा आलं आणि कुणी आणलं’ हेही विचारायला हवं. त्या शोधातून प्रत्येक गावाला स्वतःचा इतिहास सापडेल, आणि जे अजून आलेलं नाही ते आणायचं काम कुणाचं, हेही कळेल.